पीएच.डी.साठी विभाग निवडताना: तुमचा पूर्वपक्षी कुठे आहे?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रवेशाच्या जाहिराती यायला लागल्या की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. 'मॅडम, तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायचीय, कुठलं विद्यापीठ चांगलं?' मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते, त्यामुळे विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि हल्ली तुमच्यापैकी बरेच श्रोतेही विचारतात. म्हणून आजचा सगळा भाग यावरच.

विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक नाव हवं असतं. पुणे, मुंबई, हैदराबाद, जादवपूर, जेएनयू, आयआयटी मुंबई. नाव सांगितलं की तोही मोकळा आणि मीही मोकळी. पण 'चांगलं विद्यापीठ' हा शब्दप्रयोग बी.ए.च्या प्रवेशापुरता ठीक आहे. संशोधनाला तो पुरत नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षांची आहे. त्यानंतर वाढवून मिळते ती वेगळी. म्हणजे विशीतली किंवा तिशीतली सहा वर्षं तुम्ही कुणाच्या तरी हाती देणार आहात. ती नावाकडे बघून देऊ नका.

मग कशाकडे बघायचं? माझं उत्तर एका ओळीचं आहे. जिथे तुमच्याशी नीट वाद घालणारं माणूस आहे, तिथे जा.

आता हे जरा उलगडून सांगते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी विभाग निवडताना विचारतो, तुमच्याकडे कुठली यंत्रं आहेत? इतिहासाचा विचारतो, दप्तरखाना किती लांब आहे? तत्त्वज्ञानात यंत्र नाही, नमुने गोळा करणं नाही. आपल्याकडे एकच उपकरण आहे, ते म्हणजे आक्षेप घेणारा दुसरा माणूस. आपल्या परंपरेनं हे फार आधी ओळखलं होतं. शास्त्रकार आपला सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडतो. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही ठाशीवपणे मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं. पूर्वपक्ष लेचापेचा असेल तर सिद्धान्तही लेचापेचाच राहतो. प्रबंधाचंही अगदी तसंच असतं बघा.

न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडून काढणं. आपण रोजच्या बोलण्यात 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द इथलाच. हे मी का सांगतेय, तर विभाग बघायला जाल तेव्हा हीच फूटपट्टी सोबत न्या. तिथल्या एखाद्या सेमिनारला मागच्या बाकावर जाऊन बसा. बहुतेक विभागांत व्याख्यानं खुली असतात, नसतील तर आधी विचारून जा. व्याख्यान संपल्यावर काय होतं ते बघा. आभार मानून सगळे चहाला पळतात का? वरिष्ठ प्राध्यापक वक्त्याला हरवण्यासाठीच उभे राहतात का? की कुणीतरी म्हणतं, 'तुमचं दुसरं गृहीतक मला पटलेलं नाही, पण ते असं मांडलं तर कदाचित टिकेल'? आणि सगळ्यात महत्त्वाचं, संशोधक विद्यार्थी प्रश्न विचारतात का? विचारल्यावर त्यांना उत्तर मिळतं, की नजर मिळते? एका दुपारी जे कळतं ते माहितीपुस्तिकेत कुठेच छापलेलं नसतं.

मोठं शहर आणि मोठी इमारत लागतेच असं नाही, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तालुक्याचं गाव. पण कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ १९३०च्या दशकात तिथे संचालक होता. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती हे तिघं तिथलेच. या तिघांनी मिळून वेदान्तातल्या 'अज्ञान' या एकाच कल्पनेवर लिहिलेलं पुस्तक १९३३ साली लंडनहून प्रसिद्ध झालं. एक प्रश्न आणि त्याला भिडणारी तीन डोकी एका गावात. मी ज्याला 'विभाग' म्हणते तो हा.

दुसरं उदाहरण पुण्याचं. १९८३ साली दया कृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे यांनी परंपरेनं न्याय शिकलेले शास्त्री आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवलं. चर्चेला विषय घेतला बर्ट्रंड रसेलची विधानाची कल्पना, आणि चर्चेची भाषा संस्कृत! पुढे १९९१ साली हे सगळं 'संवाद' या नावानं पुस्तकरूपात आलं. शास्त्रीबुवांनी रसेलवर आक्षेप घ्यावेत असा पूर्वपक्ष कुठल्या ग्रंथालयात शोधून सापडला असता? त्याला माणसंच एकत्र यावी लागतात.

बरं, हे झालं तत्त्व. आता व्यवहाराकडे येऊ, कारण तुमच्यातले निम्मे मनात म्हणत असतील की मॅडम, अमळनेर-बिमळनेर ठीक आहे, अर्ज कुठे भरू ते सांगा.

एका श्रोतीचं पत्र आलंय. ओळख पटेल असं काही सांगत नाही. मराठवाड्यातली मुलगी आहे, तत्त्वज्ञानात एम.ए. झाली आहे. नेट दिली. जेआरएफ नाही मिळाली, पण पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिल्यात जेआरएफ मिळते. दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपदाची आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळते, आणि तिसऱ्यात फक्त पीएच.डी. प्रवेशाची. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांच्या निवडीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणजे हिच्या डोक्यावर घड्याळ टिकटिकतंय. जवळच्या विद्यापीठात एक गाइड तिला घ्यायला तयार आहेत. घरचे म्हणतात, दोन तासांवर आहे, जाऊन-येऊन होईल, एकदा नाव लागलं की झालं. पण विषय गाइड देणार. आणि तिच्या डोक्यात गेली दोन वर्षं वेगळंच काहीतरी घोळतंय.

काय घोळतंय? तर बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ, जो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आला. त्याच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी काही अडचणी स्वतःच मांडल्या आहेत. त्यातली एक अशी: बुद्धानं आत्मा नाकारला, आणि तरी कर्म आणि पुनर्जन्म सांगितला असं म्हणतात. आत्माच नसेल तर कर्म कुणाचं आणि पुनर्जन्म कुणाचा? हिचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुनर्जन्म बाजूला ठेवला, तरी काल मी केलेल्या कृत्याची जबाबदारी आज माझ्यावर का? 'मी' म्हणून टिकून राहणारं काही नसेल तर नैतिक जबाबदारी कशाला चिकटते?

मंडळी, याला म्हणतात प्रश्न. 'डॉ. आंबेडकरांच्या तत्त्वज्ञानाचा चिकित्सक अभ्यास' हा विषय झाला. विषयाला विभाग कुठलाही चालतो. प्रश्नाला चालत नाही. म्हणून विभाग निवडण्याच्या आधीचं काम म्हणजे आपला प्रश्न दोन पानांत लिहून काढणं. ती दोन पानं हातात असली की विभाग आपोआप वेगवेगळे दिसायला लागतात.

हाच प्रश्न घेऊन बघू या. याला कोण कोण लागेल? बौद्ध ग्रंथ मुळातून वाचू शकणारं कुणीतरी, म्हणजे पाली जाणणारं. व्यक्तीची अभिन्नता आणि नैतिक जबाबदारी यावर पाश्चात्त्य विश्लेषक तत्त्वज्ञानात जे लिहिलं गेलंय ते जाणणारं कुणीतरी. डेरेक पारफिटचं 'रीझन्स अँड पर्सन्स' १९८४ साली आलं, त्यात तर एक परिशिष्टच बुद्धाच्या मतावर आहे. आणि तिसरं, आंबेडकरांचं लेखन मूळ संदर्भांसह वाचलेलं कुणीतरी. तिन्ही एकाच माणसात सापडणं कठीण, पण एकाच आवारात सापडू शकतात. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांत तत्त्वज्ञानाबरोबर पालीचाही स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत तत्त्वज्ञान हे मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या विभागात येतं, त्यामुळे शेजारी समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ असतात. जेएनयूत तत्त्वज्ञानाचं केंद्र सामाजिक शास्त्रांच्या प्रशालेत आहे. जादवपूरला विश्लेषक तत्त्वज्ञान आणि न्याय या दोन्हींची परंपरा आहे. यातला एक दुसऱ्यापेक्षा 'चांगला' असं मी म्हणत नाहीये. तुमचा प्रश्न समाजाच्या बाजूनं जातो, भाषेच्या बाजूनं जातो की ग्रंथाच्या, त्यावर शेजार ठरतो. न्यायावर काम करणाऱ्याला पुण्यात भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज हाताशी असणं ही चैन नाही, गरज आहे.

आता गाइडबद्दल. चार गोष्टी तपासा.

पहिली, जागा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. विभागाच्या संकेतस्थळावर पाच नावं दिसतात, पण त्यातल्या दोघांकडे जागाच नसते.

दुसरी, निवृत्ती. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. पण ज्यांना चार वर्षं उरलीत त्यांना येतात! तुमचं काम सहा वर्षं चाललं तर शेवटची दोन वर्षं कोण? विचारायला लाजू नका. 'सर, तुमच्यानंतर या विभागात माझं प्रकरण कोण वाचेल?' हा उद्धट प्रश्न नाही. चांगल्या गाइडकडे त्याचं उत्तर तयार असतं.

तिसरी, त्यांचे आधीचे विद्यार्थी. 'शोधगंगा' हे संकेतस्थळ उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. तुम्हाला हव्या त्या विभागाचे अलीकडचे पाच प्रबंध काढा. पूर्ण वाचू नका, तीनच गोष्टी बघा. एक, शीर्षकात प्रश्न दिसतो का, की सगळे 'एक अभ्यास'? दोन, संदर्भसूचीतलं सगळ्यात नवं पुस्तक किंवा लेख कुठल्या सालचा आहे? प्रबंध २०२०चा आणि संदर्भ १९७५ला थांबलेले असतील तर त्या विभागात नवीन पूर्वपक्ष येतच नाहीयेत. तीन, शेवटचं प्रकरण. तिथे विद्यार्थी स्वतः काही म्हणतो, की मागच्या प्रकरणांचा सारांश सांगून नमस्कार करतो?

आणि चौथी, ऋणनिर्देश. हसू नका. ऋणनिर्देशात कुणी लिहिलेलं असतं की अमुक सहकाऱ्यानं तिसरं प्रकरण दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मोडून काढलं. असं एक वाक्य सापडलं तर तो विभाग यादीत वर घ्या.

कोर्सवर्कचीही चौकशी करा. किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क सगळ्यांनाच असतं. काही ठिकाणी ते सगळ्या विद्याशाखांना एकत्र असतं आणि मग कांटवर काम करणारा विद्यार्थी प्रश्नावली कशी तयार करावी आणि नमुना निवड कशी करावी हे शिकत बसतो. काही ठिकाणी मात्र विभाग एखादा ग्रंथ ओळीनं वाचायला घेतो. ते सहा महिने पुढच्या सहा वर्षांना पुरतात.

भाषेचा मुद्दा. मराठीतून प्रबंध लिहिता येईल का, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमात बघून घ्या. मराठीत तत्त्वज्ञान लिहिता येतं का, अशी शंका काढणाऱ्यांना दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' दाखवा, १९७४ साली तीन खंडांत आलेला. 'परामर्श'चे जुने अंक दाखवा. पण एक व्यवहार लक्षात ठेवा. प्रबंध तपासायला किमान दोन बाहेरचे परीक्षक लागतात. तुमचा प्रश्न मराठीत वाचून त्यावर आक्षेप घेऊ शकतील असे किती जण आहेत, याचा अंदाज गाइडबरोबर आधीच घ्या. वारकरी संतांवर किंवा फुल्यांवर काम असेल तर असे लोक मिळतील, आणि तिथे मराठी सोडून इंग्रजीत लिहिणं म्हणजे कधीकधी मूळ मुद्दाच हातातून निसटणं. पारफिटवर काम असेल तर हिशेब वेगळा.

आणि आता पैसे, कारण पोटाचा प्रश्न टाळून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये असे दर २०२३पासून लागू झाले, घरभाडं वेगळं. नसेल तर भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेच्या फेलोशिप आहेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या त्या त्या समाजगटांसाठीच्या योजना आहेत. जाहिराती आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे संकेतस्थळ दर महिन्याला बघा. नोकरी करत असाल तर संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी.चीही सोय आहे.

आणि हेही ऐकून ठेवा. पीएच.डी. म्हणजे नोकरी नाही. तत्त्वज्ञानाच्या पूर्णवेळ जागा कमी आहेत आणि डॉक्टरेट झालेली कितीतरी माणसं आज तासिका तत्त्वावर शिकवतात. घरच्यांना हे आधीच सांगा, लपवू नका. पण म्हणूनच विभागाची निवड जास्त महत्त्वाची ठरते. नोकरी उशिरा मिळाली किंवा नाहीच मिळाली, तर त्या सहा वर्षांतून तुमच्या हाती काय उरणार? ज्या विभागात फक्त नाव लागलं होतं, तिथून पदवी उरते. ज्या विभागात तुमचं म्हणणं दहा वेळा मोडून पुन्हा उभं राहिलं, तिथून विचार करण्याची एक सवय उरते, आणि ती कुठल्याही कामात चालते.

मग त्या मुलीला मी काय सांगितलं? लांबच जा असं सांगितलं नाही. तिच्या घरची परिस्थिती मला पत्रातून जेवढी कळली, त्यात शहरात खोली घेऊन राहणं सोपं नाही. मी तिला म्हटलं, तुझी दोन पानं घेऊन आधी त्या जवळच्या गाइडकडेच जा आणि तीन प्रश्न विचार. हा माझा प्रश्न मला घेता येईल का? तुम्हाला याच्याविरुद्ध पहिला आक्षेप काय सुचतो? आणि यातला कुठला भाग तुमच्या अभ्यासाबाहेरचा आहे?

ती गेली. परवा तिचा मेसेज आला. गाइडनी पानं ठेवून घेतली, चार दिवसांनी बोलावलं आणि म्हणाले, 'प्रश्न घ्या तुमचा. माझा आक्षेप असा आहे की जबाबदारीसाठी टिकणारा आत्मा लागतो हे तुम्ही गृहीत धरलंय, ते आधी सिद्ध करा. आणि पाली मला येत नाही.'

मला हे उत्तर फार आवडलं. आक्षेप पहिल्याच भेटीत आला, आणि आपल्याला काय येत नाही हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. नियमांप्रमाणे दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही सह-मार्गदर्शक घेता येतो, सक्षम अधिकाऱ्यांची मान्यता मिळाली की. तेव्हा आता ती पालीच्या कुणा अभ्यासकाला विचारते आहे. तिथून होकार आला तर दोन तासांवरचा तो विभाग तिच्यासाठी देशातला सगळ्यात योग्य विभाग असेल. नाही आला तर ती दुसरीकडेही अर्ज भरेल, फॉर्म तयार आहे.

तर मंडळी, अर्ज भरायच्या आधी एवढं करा. दोन पानं लिहा. शोधगंगेवर पाच प्रबंध चाळा. एका सेमिनारला जाऊन बसा. आणि ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांना तुमच्या प्रश्नावर एक आक्षेप मागा. 'वा, छान विषय आहे' एवढंच उत्तर मिळालं, तर आभार मानून पुढच्या दारावर जा.

तुमचा प्रश्न काय आहे, ते मला जरूर लिहून पाठवा. दोनच पानं हं! निवडक पानांवर पुढच्या एका भागात बोलू, आणि आक्षेप घ्यायला मी आहेच.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.